मानसिक आजार असलेल्यांसाठी मातीकामाचा गट घ्यायचा आहे. काय करू, काय टाळू?

शाडूवेडी (मूळ लेखन)

नमस्कार मंडळी. गेली अठरा वर्षं शाळेत कला शिकवतेय, घरी शाडूचे गणपती करते. पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्राने विचारलं, आमच्याकडे मातीकामाचा गट घ्याल का? लगेच हो म्हणून बसले. आठ शनिवार, दुपारी दोन-दोन तास, अकरा जण. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया आहे, दोघांना बायपोलर (कधी मन फार उसळतं, कधी फार खचतं). सगळे घरून येऊन-जाऊन करतात, औषधं चालू आहेत. हॉलला फरशी आहे, बाहेर एक नळ आहे, भट्टी नाही. पेणहून शाडूच्या दोन गोण्या आणून ठेवल्यात.

डोक्यात आहे ते असं: पहिल्या दिवशी डोळे मिटून माती हाताळायची, मनात येईल तो आकार द्यायचा. दुसऱ्या वेळी स्वतःचा चेहरा. शेवटी प्रदर्शन, फोटो, वर्तमानपत्रात छोटी बातमी. केंद्राचं म्हणणं, गणपती नाहीतर पणत्या करून घ्या, म्हणजे स्टॉल लावता येईल.

यात माझं स्वतःचंही काही आहे. माझा धाकटा मामा बेंदराला मातीचे बैल असे करायचा की गल्लीतली पोरं पाटी घेऊन दारात उभी असायची. पुढे आजारी पडला आणि सात वर्षं मनोरुग्णालयात होता. आजीबरोबर भेटायला जायचे, तेव्हा तो बोटं एकमेकांवर चोळत बसलेला असायचा. मला वाटायचं, थंडी वाजत असेल. पुढे आर्ट स्कूलमध्ये मातीकाम संपवून बसले होते आणि बोटांवरची वाळलेली माती काढताना माझी बोटं तशीच फिरत होती. मामाच्या बोटांवर तिथे माती नव्हती. सात वर्षांत कुणी दिलीच नाही.

अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. चुकत असेन तर स्पष्ट बोला.

वाचकमात्र

मामांचं वाचून गलबललं. अनुभव नाही, पण धागा वाचत राहणार.

ओटी_ठाणे

स्पष्ट बोला म्हणालात म्हणून बोलते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करणारी. असे गट बरीच वर्षं चालवतेय.

डोळे मिटायला सांगू नका. ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांना डोळे मिटल्यावर आवाजांशिवाय दुसरं काही उरत नाही. ज्यांच्यावर पूर्वी काही वाईट गुजरलंय ते घाबरे होतात. डोळे उघडे, खिडकी उघडी, दार उघडं. कुणालाही उठून बाहेर जाता आलं पाहिजे. काही औषधांनी पायात अशी अस्वस्थता येते की माणूस पाच मिनिटं बसू शकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याचं लक्ष नाही. एक उंच टेबल ठेवा, उभं राहून काम करू दे.

चेहरा दुसऱ्याच वेळी नको. स्वतःचा चेहरा हा चांगल्या माणसालाही जड विषय आहे. वाटी करा. गोळ्यात अंगठा घालायचा आणि फिरवत फिरवत भिंत पातळ करायची. वीस मिनिटांत हातात वस्तू दिसते. पहिल्या दिवशी तेवढं पुरे.

आणि अर्थ लावू नका. कुणी साप केला तर तो साप. "हे काय आहे?" म्हटलं की परीक्षा सुरू होते. "कसं केलंत, दाखवता का?" म्हटलं की गप्पा सुरू होतात.

पेणकर

आमचा कारखाना आहे, त्यामुळे मातीपुरतं बोलतो. ताई, शाडू भाजायचा नसतो हे तुम्हाला माहीत आहेच, पण ज्यांच्यासाठी करताय त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर कुणीतरी शाडूच्या कपात चहा ओतेल आणि कप हातात विरघळेल.

शाडू वाळताना आकसतो. बारीक हात, पाय, शेपट्या तडकून पडतात. काथ्या बारीक कातरून मळताना घाला, माती धरून राहते. वाळल्यावर हॉलमध्ये पॉलिश पेपर मारू नका. ती धूळ छातीत जाते, एकदा गेली की निघत नाही. घासायचंच तर ओल्या स्पंजाने. फरशीही झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

नळाखाली हात धुऊ देऊ नका, तिसऱ्या शनिवारी मोरी तुंबणार. दोन बादल्या ठेवा: पहिलीत मळ काढायचा, दुसरीत हात खंगाळायचे. पहिलीतली माती बसली की वरचं पाणी ओता, माती परत कामाला येते.

प्लास्टर वापरणार असाल तर ते तुम्हीच कालवा. घट्ट होताना इतकं तापतं की त्यात हात राहिला तर भाजून निघतो, आणि औषधाच्या गुंगीतल्या माणसाला ते वेळेत कळेलच असं नाही.

मृगाक्षी

भाजायची माती घेतली तर मळताना हवा राहता कामा नये, नाहीतर भट्टीत फुटते. लहानपणी कुंभारवाड्यात ऐकलंय.

पेणकर

@मृगाक्षी, हवेचं नाव होतं, काम ओल करते. वरून खडखडीत दिसणारा जाड गोळा आत ओला असतो. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून जाडी बोटाएवढीच ठेवायची, आतून पोकळ करायचं, आठ-दहा दिवस सावलीत वाळवायचं. एखाद्याने जीव लावून केलेली वस्तू भट्टीत फुटली तर त्याला काय सांगणार? त्यापेक्षा शाडू बरा. जे आहे ते डोळ्यांसमोर.

डॉ_सह्याद्री

मानसोपचारात आहे. थोडं थंड पाणी ओततोय, राग मानू नका.

ब्रिटनमध्ये मॅटिस नावाची मोठी चाचणी झाली होती, २०१२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर केलेली. नेहमीच्या उपचारांना आर्ट थेरपीच्या, म्हणजे कलेतून उपचाराच्या, गटाची जोड दिली, दोन वर्षांनी तपासलं. लक्षणांत किंवा रोजच्या जगण्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक दिसला नाही. तेव्हा कुठल्याही आईला "मातीने बरं वाटेल" असं सांगू नका. त्या माउलीने आधीच बरंच काही ऐकलेलं असतं.

व्यवहाराचं: दुपारची वेळ चांगली निवडलीत, सकाळी अनेकांना गुंगी असते. बायपोलरसाठीचं लिथियम हे औषध चालू असलेल्यांना तहान फार लागते, पाण्याच्या बाटल्या टेबलावरच ठेवा. हातही थरथरतात. बारीक कोरीवकाम त्यांच्यासमोर ठेवलं तर तो रोज आरशात दिसणारा आजार पुन्हा दाखवल्यासारखं होतं.

ओटी_ठाणे

डॉक्टर, ती चाचणी माहीत आहे. त्यात हेही होतं की ज्यांना गटात घातलं त्यातले बरेच जण फारसे आलेच नाहीत. पण तुमचा मुद्दा मान्य. मी लक्षणं मोजायला जातच नाही. मंगळवारी घराबाहेर न पडणारा माणूस शनिवारी बस पकडून येतो, एवढंच मी वहीत लिहिते.

डॉ_सह्याद्री

ते लिहीत राहा. तेही मोजण्यासारखंच आहे.

अर्धा_कप

खूप वेळ लिहू की नको असं चाललं होतं. मी पलीकडच्या बाजूचा. बायपोलर, निदान होऊन बारा वर्षं झाली. एका शहरातल्या केंद्रात असाच गट होता, मी चार महिने जायचो.

हातांच्या थरथरीबद्दल डॉक्टरांनी लिहिलं ते खरं आहे. पण माझ्या थरथरीने मातीवर एक बारीक लाटांची रेघ उमटायची. बाई म्हणाल्या, ही पुसू नका, अशी रेघ मला काढता येणार नाही. बारा वर्षांत माझ्या थरथरीबद्दल ऐकलेलं ते एकमेव चांगलं वाक्य.

आता वाईट. मी एक घुबड करत होतो. दोन शनिवार लागले होते, डोळे राहिले होते. तिसऱ्या वेळी गेलो तर टेबल पुसून स्वच्छ. मधे हॉलमध्ये योगाचा कार्यक्रम झाला होता, कुणीतरी सगळ्यांचं काम एकत्र करून बादलीत टाकलं होतं. "माती काय, परत करता येईल," असं म्हणाले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मी नवा गोळा घेतला, हातात धरून बसलो आणि घरी आलो. परत गेलो नाही.

वॉर्डात राहिलेल्या माणसाची कुठलीच वस्तू त्याची नसते. कपडे, चमचा, कंगवा, सगळं येतं आणि जातं. म्हणून ताई, बाकी काही जमलं नाही तरी चालेल. केलेली गोष्ट पुढच्या शनिवारी तिथे असू दे.

वाचकमात्र

@अर्धा_कप, लिहिलंत ते फार बरं झालं.

शाडूवेडी

@अर्धा_कप, तुमचा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. केंद्राला आजच फोन करून कुलपाचं एक कपाट मागितलं. डोळे मिटणं रद्द, चेहरा रद्द. स्टॉलचं मात्र कळत नाहीये.

वकीलताई

स्टॉलबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. कलम २० मध्ये लिहिलंय, आस्थापनेत कुणाला काम करायची सक्ती करता येणार नाही, आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागेल. पणत्या विकणार असाल तर ज्याने केली त्याला पैसे, हिशोब त्याला समजेल अशा वहीत. "संस्थेच्या निधीला हातभार" हे चालणार नाही. ज्याला पणत्या करायच्याच नाहीत त्याला तसं म्हणता आलं पाहिजे, तोंड न चुकवता.

कलम २४ फोटोंबद्दल आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. संमती त्या व्यक्तीची, केंद्राच्या व्यवस्थापकाची नव्हे. आणि ती घेताना बातमीत काय छापून येईल ते वाचून दाखवा. एका गावात "मनोरुग्णांनी साकारले बाप्पा" असा मथळा आला, फोटोत चेहरे. त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं.

आई_नाशिक

मी स्टॉलच्या बाजूने बोलणार. माझा मुलगा एकतीसचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या केंद्रात पणत्या रंगवल्या, दिवाळीत विकल्या. त्याच्या वाट्याला तीनशे चाळीस रुपये आले. त्याने वडिलांसाठी चपला आणल्या. एक नंबर मोठ्या होत्या. हे रोज त्याच घालतात, पुढे कापूस घालून. मंडळी, कला कला करताना हे विसरू नका की एकतिसाव्या वर्षी कमवायला मिळणं म्हणजे काय असतं.

अर्धा_कप

काकू, चपलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. तरी माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे पणत्या सुरू झाल्या त्या दिवसापासून "आज किती झाल्या?" हा प्रश्न सुरू झाला. घुबड करणाऱ्याला मग जागा राहत नाही.

आई_नाशिक

तुझं घुबड राहायलाच हवं होतं, बाळा. दोन्ही असू देत. पणत्यांचा वार वेगळा ठेवावा.

कणभौतिक

थोडं अवांतर, पण शेवटी विषयावरच येतो. भौतिकशास्त्रात संशोधन करतो. कामानिमित्त इटलीत त्रिएस्तेला राहिलो आहे. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली आयसीटीपी ही भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था तिथे आहे, आपल्याकडचे बरेच लोक जातात. रविवारी फिरायला सान जोव्हान्नी नावाच्या टेकडीवरच्या बागेत जायचो. गुलाबच गुलाब. बऱ्याच दिवसांनी कळलं की ते शहराचं जुनं मनोरुग्णालय.

१९७१ मध्ये फ्रांको बसाल्या हे मानसोपचारतज्ज्ञ तिथे संचालक म्हणून आले. त्यांना इस्पितळाच्या भिंतीच नको होत्या. १९७३ मध्ये रिकाम्या केलेल्या एका वॉर्डात चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले आणि रुग्ण यांनी मिळून एक घोडा बनवला. लाकूड आणि कागदाचा लगदा, रंग निळा, उंची सुमारे चार मीटर. नाव मार्को काव्हाल्लो. मार्को हा तिथला खरा घोडा होता, वर्षानुवर्षं इस्पितळाच्या धुण्याची गाडी ओढायचा. म्हातारा झाल्यावर त्याला खाटकाकडे पाठवणार होते, तेव्हा रुग्णांनी त्याच्यातर्फे अर्ज लिहून त्याला वाचवलं. नव्या घोड्याच्या पोटात प्रत्येकाने आपली इच्छा घातली.

घोडा शहरात न्यायची वेळ आली तेव्हा दारातून मावेना. दार फोडलं. मग घोडा पुढे आणि त्याच्यामागून रुग्ण, परिचारिका, डॉक्टर गावात उतरले. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, इटलीत कायदा १८० आला आणि मनोरुग्णालयं बंद करायला सुरुवात झाली.

हे ऐकल्यावर मला त्या बागेतून नुसतं फिरता येईना. रस्ता उताराचा आहे. चार मीटरचा घोडा त्यावरून किती जपून उतरवला असेल, याचा विचार करत मी खाली यायचो.

पेणकर

मूर्ती झाल्यावर दार लहान पडणं आमच्या आळीत दर दोन-चार वर्षांनी होतं! चौकट काढायची, मूर्ती न्यायची, चौकट परत बसवायची. त्यांनी परत बसवली नाही, हे झकास.

मृगाक्षी

इच्छा घोड्याच्या पोटात घालायची कल्पना फार आवडली. ताई, आठव्या शनिवारी सगळे मिळून एक मोठं काही करता येईल का?

ओटी_ठाणे

मोठं काम छान असतं, पण लोकांना एकमेकांची सवय झाल्यावर. आधी प्रत्येकाचं स्वतःचं झालं पाहिजे. @कणभौतिक, सुंदर लिहिलंत. याच ओळीतली ब्राझीलची मानसोपचारतज्ज्ञ नीझे दा सिल्व्हेरा. रिओच्या मनोरुग्णालयात होती, विजेचे झटके द्यायला नकार दिला म्हणून तिला ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग दिला. तेव्हा तो विभाग म्हणजे झाडलोट. तिने १९४६ मध्ये तिथे रंग आणि माती आणली, आणि १९५२ मध्ये त्या कामांचं संग्रहालयच उभं केलं. कामं फेकायची नाहीत, जपायची. आमच्या शिक्षणात हिच्यावर एक ओळ नव्हती, याची मला आजही चीड येते.

हरिहरेश्वर_

हत्यारांचं कुणी बोललं नाही. माती कापायची तार गटात फिरू देऊ नका, स्वतःकडे ठेवा. कोरण्या मोजून द्या, मोजून घ्या, आणि मोजणी सगळ्यांसमोर, साधेपणाने. लपूनछपून मोजलं की लोकांना कळतं. लाकडी चमचा, कंगव्याचा तुकडा, नारळाची करवंटी यांनी निम्मं काम होतं.

शिवाय ज्यांना हात मळलेले सोसत नाहीत त्यांच्यावर जबरदस्ती नको. माझ्या बहिणीला दिवसातून चाळीसदा हात धुवायची ओढ. तिला प्लास्टिकच्या पिशवीत माती घालून दिली होती, पिशवीवरून दाबायची. सहाव्या आठवड्यात तिने स्वतःहून एक बोट आत घातलं.

शाडूवेडी

पहिला शनिवार झाला. लगेच लिहितेय, नाहीतर निसटेल.

अकरांपैकी आठ आले. एक गृहस्थ पूर्णवेळ दारात उभे होते, आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत. मी त्यांच्या हाताला येईल असा एक गोळा खिडकीत ठेवला. निघताना पाहिलं तर त्यावर अंगठ्याचे पाच खड्डे होते, ओळीत.

वाट्याच करायच्या ठरल्या होत्या. चौघांनी केल्या. एक ताई नुसती माती मळत राहिल्या, पोळ्यांच्या कणकेसारखी, सराईत हाताने. म्हणाल्या, आठ माणसांचं करायचे. मी म्हटलं, माझीही मळून द्या. पुढची सगळ्यांची माती त्याच मळणार आहेत, हे त्यांनीच ठरवलं.

एका मुलाने नळ केला. बाहेरचा नळ, गंजलेल्या चावीसकट. दोन तासांत तीनदा बाहेर जाऊन बघून आला. असं निरखणं शाळेतल्या पोरांना शिकवता शिकवता माझा घसा बसतो.

एक चूकही झाली. एका काकांची वाटी कलंडत होती, मी बोलता बोलता बोटाने सावरली. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आता तुमचीच." बरोबर होतं त्यांचं. माफी मागितली. पुढच्या वेळी हात मागे बांधून फिरणार आहे.

प्रदर्शन आणि बातमी दोन्ही मनातून काढून टाकलंय. पणत्यांसाठी केंद्राला वेगळा वार सांगितला, मोबदल्याची वही ठेवायच्या अटीवर. तयार झाले.

प्रत्येक काम ओल्या फडक्यात गुंडाळलं, वर चिठ्ठी, नाव ज्याचं त्याने लिहिलं. कपाटाला सगळ्यांसमोर कुलूप लावलं. नळवाल्या मुलाने कुलूप ओढून बघितलं.

अर्धा_कप

कुलूप ओढून बघितलं. हो. मीही तेच केलं असतं.

आई_नाशिक

दारातल्या गृहस्थांचं कळवत राहा गं.

शाडूवेडी

आज बुधवार. केंद्रातून फोन आला होता. नळवाल्या मुलाने ऑफिसात विचारलंय, फडकं वाळलं असेल का? वाळलं तर चावी तडकेल. किल्ली माझ्याकडे, आणि शनिवारला तीन दिवस आहेत. @पेणकर, या उन्हात ओल टिकेल का?

पेणकर

चावीसारखं बारीक काम तीन दिवस नाही टिकायचं. उद्या सकाळी जाऊन फडक्यांवर पाणी शिंपडा, वरून प्लास्टिकची पिशवी घाला आणि कपाटात खालच्या फळीवर पाण्याचं भांडं ठेवा. तो मुलगा केंद्रात असेल तर कपाट त्याच्यासमोर उघडा.

शाडूवेडी

सकाळी नऊला जातेय. तो साडेनऊला येतो म्हणे, थांबेन.